आठ नंबर खाली

द्वारका, दिल्ली,
रविवार सकाळ

प्रिय तनू,

हाताने लिहिलेलं पाकीट बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत. बाबांचा एक दात काढला, तेवढंच, आणि ते किती शूरपणे बसले होते हे त्यांनी सोसायटीभर सांगून झालंय. पत्र लिहितेय कारण फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, आणि ऑफिसच्या मेलवर या गोष्टी मला लिहायच्या नाहीत. माझं अक्षर तुला लागतं, निदान शाळेत असताना लागायचं. हळू वाच, घाई नाही. एखादा शब्द अडलाच तर बाबांना विचार. संध्याकाळी पार्कात फिरताना ते तुझ्याशी फोनवर बोलतात हे मला ठाऊक आहे. एरवी दोन चकरांत दमणारा माणूस पाच चकरा मारून हसत घरी येतो, तेव्हा न सांगताही कळतं.

दोन महिने आणि नऊ दिवस झाले तू घरी आली नाहीस. लांब पडतं हे कारण मला चालणार नाही. मेट्रोच्या निळ्या लाइनच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला आम्ही. गाडी बदलायची नाही, पहिल्या स्टेशनवर बसायला जागा मिळते, डुलकी काढत यायचं. दर रविवारी येत होतीसच की. का येत नाहीस तेही मला माहीत आहे. तुमची चिप मी नापास केली म्हणून. चार वर्षं तू जिच्यावर घालवलीस ती चिप, मी एका सहीने. बाबांकडून कळलं की आता तुमचा गाड्यांचा गट बंद करून तुम्हाला ऑक्टोबरात बंगलोरला दुसऱ्या कामावर पाठवायचं घाटतंय. तर आज मी त्याबद्दलच लिहिणार आहे, पण माझ्या पद्धतीने, अगदी पहिल्यापासून. मधे तोडायला तू समोर नाहीस, हा पत्राचा मोठाच फायदा.

तुला यातलं सगळं माझ्याहून जास्त कळतं. तरी नीट फोड करून लिहिते, कारण पाकीट बंद करायच्या आधी बाबा हे वाचणार आहेत, आणि त्यांना लग्नापासून वाटत आलंय की मी मानेसरच्या कारखान्यात जाऊन बल्ब तपासते. बाबा, वाचा. गाडीत आता तीस-चाळीस छोटे कॉम्प्युटर असतात. दरवाज्यात एक, सीटखाली एक, ब्रेकला एक. ते सगळे दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. प्रत्येकाला त्या तारांवर बोलायला तोंड लागतं आणि ऐकायला कान. ही दोन्ही कामं करणारी, नखाएवढी, आठ पिनांची चिप म्हणजे ट्रान्सीव्हर. आम्ही दरवाज्याचं मॉड्यूल बनवतो, म्हणजे काच, लॉक आणि बाहेरचा आरसा चालवणारा डबा. नव्या गाडीसाठी त्यात कोणाची चिप घालायची ते ठरवायचं होतं. एखाद्याने गाडी एअरपोर्टला पंधरा दिवस उभी करून ठेवली तर परत आल्यावर बॅटरी उतरलेली नसावी, म्हणजे चिपने झोपेत वीज पिता कामा नये. स्पितीच्या थंडीत दार उघडलं पाहिजे. आजूबाजूला मोटारींचा, मोबाइलचा कितीही गोंगाट असो, एक शब्द चुकता कामा नये. आणि एखादी चिप बिघडलीच तर तिने सगळ्यांची लाइन अडवून बसू नये. एकदा निवडली की ती गाडी बंद होईपर्यंत सात-आठ वर्षं तीच चिप. याला बल्ब तपासणं म्हणत नाहीत.

आणि हे काम मला येतं. यात मी नम्रपणा दाखवणार नाही. एकोणतीस वर्षांत माझ्या सहीने बाहेर पडलेला एकही डबा चिपच्या दोषाने परत आलेला नाही. सुरुवातीला कंपनीच्या बसमध्ये मी एकटी बाई असायचे. ड्रायव्हर मला रिसेप्शनला उतरवायचा, आणि मी रोज तिथून चालत शेवटच्या शेडपर्यंत जायचे. माझा नियम एकच. काहीही नापास झालं की आधी ते थंड-गरम करायच्या चेंबरमधून बाहेर काढायचं, साध्या खोलीत चालवून बघायचं, एकेक जोडणी तपासायची, आणि मगच चिपला नावं ठेवायची. राघवने ते हिंदीत रंगवून लॅबच्या भिंतीवर लावलंय, ‘पहले तार देखो, फिर चिप को कोसो.’ राघव म्हणजे माझा टेक्निशियन, रेवाडीचा. तू त्याला ओळखतेस, तुझ्या बारावीच्या वेळी घरी पेढे घेऊन आला होता. सोळा वर्षं माझ्या हाताखाली आहे आणि मी लिहून दिलेल्या कागदाबाहेर तो केसभरही जात नाही.

निवडीत तुमच्या कंपनीची चिप आहे हे कळलं त्याच दिवशी मी मानसला लिहून दिलं की माझी मुलगी तिथे आहे. मानस, आमचा प्लांट हेड, माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे पण कामात पक्का. त्याने तिन्ही कंपन्यांची नावं पुसून नमुन्यांना क, ख, ग असं केलं आणि म्हणाला, मॅडम, तुम्ही फक्त तपासा, निवड कमिटी करेल. कागदावर सगळं स्वच्छ होतं. पण ग कोणाची ते मला पहिल्या तासाला कळलं. झोपेत ती किती कमी वीज घेते तो आकडा मी मीटरवर बघितला, आणि तोच आकडा तू तीन वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलवर वाढत होतीस. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. मी त्याच दिवशी उठून मानसकडे जायला हवं होतं. गेले नाही. उलट मनात ठरवलं की ग ला कणभरही सवलत मिळणार नाही. कोणी बोट दाखवता कामा नये. तनू, खरं सांगते, मला त्याचा अभिमान वाटत होता.

खोलीतल्या चाचण्या तिन्ही चिप आपापल्या कंपन्यांनी पाठवलेल्या बोर्डांवर पास झाल्या. मग थंडीची पाळी. त्यासाठी चिप आमच्या बोर्डवर बसवाव्या लागतात. मी नेहमीसारखं हाताने पत्रक लिहून दिलं, राघवने बोर्ड तयार केले, चेंबर उणे चाळीसवर आणला. क बोलत होती, ख बोलत होती, ग गप्प. अर्धा तास थांबले. गप्पच. एरवी मी काय केलं असतं ते भिंतीवर लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी तो बोर्ड बाहेर काढला नाही. पोरीची चिप म्हणून आई दुसरी संधी देतेय, असं उद्या कोणी म्हणू नये, एवढंच डोक्यात होतं. ‘ग: थंडीत बोलत नाही, नापास’ असं लिहिलं आणि सही ठोकली. राघव दोनदा माझ्याकडे बघून गेला. मी त्याला चहा सांगायला पाठवलं.

तीन दिवसांनी तुझा फोन आला. तू हिंदीतच बोलतेस माझ्याशी, ते काही नवीन नाही. तू शांतपणे विचारलंस, “आठ नंबर पिन देखी थी? खुली तो नहीं रह गई?” आणि मी तुला काय म्हणाले ते तुला तोंडपाठ असणार. मी म्हणाले की मला शिकवू नकोस, मी हे काम करत होते तेव्हा तू पाळण्यात होतीस, आणि तुझी चिप पास करायला मी इथे आई म्हणून बसलेली नाही. मग तू म्हणालीस, “ठीक है, मैडम.” फोन ठेवल्यावर मी बाबांना सांगितलं, बघा, राग नाकावर बसलाय. मॅडम शब्द मात्र रुतून बसला. नंतर तुमच्या कंपनीने तो बोर्ड बघायला मागितला. पाठवतो म्हणून आमच्याकडून कळवलं गेलं, आणि तो माझ्या कपाटात पडून राहिला. कमिटीने ख निवडली.

आता जरा घरचं सांगते. लिफ्टचं काम पुन्हा निघालंय, तीन आठवडे जिना. बाबांनी बाल्कनीत कढीपत्ता लावलाय आणि रोज त्याची पानं मोजतात. मंडळाच्या गणपतीची तयारी सुरू झाली. कुमुदमावशी गेल्या रविवारी फोनवर होती, यंदा आरतीनंतर अर्धा तास ‘दिल्लीतले मराठी किस्से’ ठेवलेत म्हणे, आणि पहिला किस्सा अर्थातच माझा, पन्ह्याचा. साभिनय. मी हो म्हटलं. मला काय, तोंडपाठ आहे. सेक्टर दहाच्या घरातलं चैत्राचं हळदीकुंकू, लिफ्ट तेव्हाही बंद, मी डाळीचं पातेलं घेऊन पुढे आणि तू पाच वर्षांची, दोन्ही हातांनी पन्ह्याची स्टीलची किटली धरून मागे. अर्ध्या जिन्यात तुझे हात दुखायला लागले, म्हणून मी म्हटलं, अगं, जड होतंय ना, खाली ठेव. मी दार उघडून वळते तोवर तू जिन्यातल्या सगळ्या कुंड्यांना पन्हं पाजून मोकळी. वर आलीस ती किटली उलटी धरून, सगळ्या बायकांसमोर, छाती काढून: “कर दी खाली, आई!” मराठीत खाली म्हणजे खाली, हिंदीत खाली म्हणजे रिकामी. बायका हसून हसून लोळल्या. मी सगळ्यांत जास्त. तुझं तोंड कसं झालं होतं ते मला आठवत नाही, कारण मी बघितलंच नाही.

मग तो किस्सा मी दरवर्षी सांगितला. हळदीकुंकवाला, पिकनिकला, तुझ्या बारावीच्या निकालाच्या पार्टीत. तू नऊ-दहा वर्षांची असताना मंडळाच्या स्टेजवर माईक घेऊन सांगितला, तुझ्या आवाजाची नक्कल करून. त्याच संध्याकाळी तू श्लोक म्हणायला स्टेजवर यायची होतीस आणि आयत्या वेळी पोट दुखतंय म्हणालीस. त्यानंतर कधीतरी तू माझ्याशी हिंदीत बोलायला लागलीस. मी कारण शोधलं नाही. दिल्लीतल्या सगळ्याच घरांत मुलांचं होतं तसं, म्हणून सोडून दिलं, आणि चारचौघांत सांगायला लागले, आमची तनया, समजतं सगळं पण मराठी विसरली हो पार.

परवाच्या मंगळवारी काय झालं ते आता ऐक. सीटच्या मॉड्यूलसाठी नवे बोर्ड करायचे होते. मी पत्रक लिहून राघवच्या टेबलवर ठेवलं आणि माझ्या कामाला लागले. दहा मिनिटांनी तो दारात उभा. म्हणाला, “मैडम, आठ नंबर इस बार भी खाली छोड़नी है?” मी म्हटलं, छोड़नी है म्हणजे? सोडायला कोणी सांगितलं? तो गेला आणि जूनची फाइल घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत माझं पत्रक, माझ्या हातचं, निळ्या शाईत. ‘पिन 5 ऊपर, पिन 8 खाली.’ राघव म्हणाला, खाली माने खाली, मॅडम, कुछ नहीं लगाना.

मी खुर्चीत बसले. पाच नंबर वर, म्हणजे सप्लायला जोडायची. आठ नंबर खाली, म्हणजे ग्राउंडला जोडायची. वर लिहायला मला हिंदी ‘ऊपर’ सुचलं आणि खाली लिहायला मराठी ‘खाली’च हातातून उतरलं. तेहतीस वर्षं दिल्लीत काढून मला ‘नीचे’ सुचलं नाही. आणि राघवने आपलं कागदाप्रमाणे आठ नंबर रिकामी सोडली, तिन्ही बोर्डांवर. क आणि ख ची ती पिन मोकळी सोडली तरी त्या बोलत राहतात. तुमची झोपते. हे मला माहीत होतं! दोन वर्षांपूर्वी, वांग्याचं भरीत होतं त्या दिवशी, तू मला समजावून सांगितलं होतंस की आठ नंबर मोकळी राहिली तर आमची चिप मुद्दाम गप्प बसते. मी म्हटलं होतं, ही कसली भित्री चिप. तू म्हणालीस, लाइन सगळ्यांची आहे, कोणी बोल म्हटल्याशिवाय मधे बोलू नये. म्हणजे ग ला थंडी बाधलीच नव्हती. खोलीत ठेवली असती तरी ती गप्पच राहिली असती. बोर्ड बाहेर काढून खोलीत लावायला मला पाच मिनिटं लागली असती.

कपाटातून तुमच्या चिपचा बोर्ड काढला. राघवने आठ नंबरला इवलीशी तार लावली, ग्राउंडला. खोलीत लावल्याबरोबर ग बोलायला लागली. राघवच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला वाटलं चूक त्याची. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं की कागद लिहिणाऱ्याचा असतो, आणि या कागदावर माझं नाव आहे. मग बुधवार-गुरुवार चेंबर. उणे चाळीसला ग एक शब्द न चुकता बोलत होती. तिन्हींत तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ, आणि झोपेतला तो आकडा तर तुला पाठच आहे.

शुक्रवारी मी कमिटीची मीटिंग बोलावली. आदल्या दिवशी मानसने मला बाजूला घेतलं होतं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, मॅडम, बोर्डमध्ये दोष होता असं लिहू, कोणाचं नाव नको, मार्चमध्ये तुमची रिटायरमेंट आहे, पुढची दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं जवळजवळ ठरलंय, आत्ता हे कशाला. मी म्हटलं, बोर्डमध्ये दोष नव्हता, म्हणून तसं लिहिता येणार नाही. मीटिंगमध्ये पत्रक पडद्यावर लावलं आणि पहिल्यापासून सांगितलं. ग कोणाची ते मला ओळखू आलं होतं, हेही. मग तो शब्द समजावून सांगितला. हिंदीत खाली, मराठीत खाली. क्षणभर कोणाला कळलं नाही. मग क्वालिटीवाला एकजण फिस्सकन हसला, आणि त्याच्यामागे सगळे. बारा माणसं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, गोष्टच हसण्यासारखी होती, मीही दुसऱ्याची असती तर हसलेच असते. पण माझे कान तापले, हातातला पॉइंटर कुठे ठेवावा ते कळेना. सत्तावन्न वर्षांची बाई मी, केबिनवाली. आणि मला दिसली उलटी किटली धरून उभी असलेली पाच वर्षांची मुलगी.

निकाल असा. ख ची ऑर्डर थांबवली आहे. तिन्ही चिपची चाचणी पुन्हा होईल, बाहेरच्या लॅबमध्ये, तिन्ही कंपन्यांच्या माणसांसमोर. मी त्यात नसेन. मार्चनंतरची दोन वर्षं बहुतेक गेली, त्याचं मला फार वाटत नाही, मला कढीपत्त्याची पानं मोजायला शिकायचंच होतं. उद्या तुमच्या कंपनीला पत्र जाईल, त्यात चूक कोणाची ते स्पष्ट लिहिलंय, मी स्वतः मसुदा तपासला. तो इंग्रजीत आहे, काळजी करू नकोस. नव्या चाचणीची मला तर काडीची काळजी नाही. ग निवडली जाईल की नाही हे कमिटी आणि किंमत ठरवेल, पण पास ती होणार. मी तिला ऐकलंय. बंगलोरला जायचं मनात असेल तर खुशाल जा, मोठं शहर आहे, हवा आमच्याहून बरी. पण नापास झाले म्हणून जाऊ नकोस. तू नापास झालेलीच नाहीस.

शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं. वाटलं होतं, खाली ऐकून ते तरी हसतील. ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मी आपली म्हणाले की पोरीला मराठी धड येत असती तर निदान तिला तरी हा विनोद कळला असता. तेव्हा ते म्हणाले, “अगं, ती माझ्याशी मराठीतच बोलते. रोज. फक्त तुझ्याशी बोलत नाही.”

चिपचं तुला उद्या कंपनीच्या कागदावरून कळलंच असतं. त्यासाठी मी तीन पेनं संपवली नसती. मी लिहितेय ते या एका वाक्यासाठी. वीस वर्षं मी जगाला सांगत आले की माझी मुलगी मराठी विसरली, आणि तू रोज संध्याकाळी माझ्या घरापासून दोनशे पावलांवर, पार्कातल्या एका फोनमध्ये मराठी बोलत होतीस. तू विसरली नव्हतीस. मी हसले म्हणून माझ्यापुरती गप्प झालीस, आणि मी माझी स्वतःची तार तपासली नाही, सही करून मोकळी झाले. चुकलं माझं, तनू. फार चुकलं. कुमुदला काल फोन करून सांगितलं, पन्ह्याचा किस्सा बंद, कायमचा. तिला नवा हवा असेल तर आहे एक, याच शब्दाचा, माझ्या फजितीचा, पण तो माझा नाही, तुझा आहे. तू स्टेजवर सांग, नाहीतर अजिबात सांगू नकोस. माझी नक्कल करून सांगितलास तरी चालेल, मी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी हसेन. गणपतीला बारा दिवस आहेत. ती स्टीलची किटली अजून माळ्यावर होती, काल उतरवून लखलखीत घासली. तू आलीस की तिच्यात कोकम सरबत भरून तुझ्या हातात देईन, आणि कुठे ठेव ते सांगणार नाही.

तुझीच आई,
मॅडम नव्हे